ग्रीक आणि रोमन पुराणांत झोपेचा देव कोण, आणि मॉर्फियस कोण?

प्रश्न असा विचारला गेला आहे की, प्राचीन ग्रीक-रोमन पुराणकथांत झोपेचा देव म्हणून कुठे हिप्नोसचे नाव सापडते, कुठे सोम्नुसचे, तर कुठे मॉर्फियसचे. यांतला खरा कोण, आणि झोपेला मृत्यूचा भाऊ का म्हटले जाते? ग्रीक आणि लॅटिन काव्य शिकवताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. ग्रीकांचा झोपेचा देव हिप्नोस. रोमनांनी त्यालाच सोम्नुस म्हटले आणि रोमन कवी व्हर्जिलने एके ठिकाणी सोपोर हे नावही वापरले. मॉर्फियस हा झोपेचा देव नव्हे. तो झोपेच्या देवाचा मुलगा असून स्वप्नात माणसाचे रूप घेऊन येणे एवढेच त्याचे काम आहे. शिवाय तो फार उशिराचा आहे. आज हाती असलेल्या साहित्यात तो प्रथम भेटतो तो रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस' या काव्यात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या दशकात, ग्रीकांचा आदिकवी होमर याच्यानंतर सुमारे सात शतकांनी.

पण नावांचा हा घोळ मिटला तरी त्याहून मोठा एक गैरसमज उरतो. झोपेचा देव म्हटला की काळोख्या गुहेत मऊ पलंगावर पसरलेला, डोळे उघडण्याचाही कंटाळा असलेला देव बहुतेकांच्या नजरेसमोर येतो. हे चित्र ओव्हिडचे आहे आणि ते सुंदर आहे, पण ग्रीकांचा मूळ हिप्नोस तसा नाही. तो चपळ आहे, सावध आहे, व्यवहारात पक्का आहे आणि इतरांना झोपवताना स्वतः टक्क जागा आहे. या देवाला समजून घ्यायचे असेल तर त्याचा होमरपासून ओव्हिडपर्यंतचा प्रवास क्रमाने पाहावा लागतो, कारण त्याच्या नावावर स्वतंत्र अशी एकही मोठी कथा नाही. दुसऱ्यांच्या कथांत तो थोडा वेळ येतो, कुणाचे तरी काम करतो आणि निघून जातो.

त्याचे कूळ प्राचीन ग्रीक कवी हेसिऑडच्या 'थिऑगनी' या देवांच्या वंशावळीच्या काव्यात सांगितले आहे. आदिम रात्रीने, म्हणजे निक्सने, कोणत्याही पुरुषाच्या संगाशिवाय जी संतती प्रसवली तिच्यात थानाटोस म्हणजे मृत्यू, हिप्नोस म्हणजे झोप आणि स्वप्नांची सारी जमात आहे. निंदा, दुःख, सूडाची देवता नेमेसिस, फसवणूक, वार्धक्य आणि कलह ही याच घरातली भावंडे. एवढ्या भीतिदायक गोतावळ्यात हिप्नोस मात्र माणसांशी मायेने वागणारा, असे हेसिऑडने पुढे स्पष्ट म्हटले आहे. पाताळाच्या टोकाला रात्रीचे घर आहे. तिथल्या काशाच्या उंबरठ्यावर दिवस आणि रात्र यांची गाठ पडते. एक आत येते तेव्हा दुसरी बाहेर पडते आणि दोघी कधीही एकाच वेळी घरात नसतात. दिवस बाहेर पडतो तो पृथ्वीवरच्या लोकांसाठी उजेड घेऊन. रात्र बाहेर पडते ती हातांत झोपेला घेऊन. झोप आणि मृत्यू या दोन भावांवर सूर्याची नजर कधीही पडत नाही. एक जण जमिनीवरून आणि समुद्राच्या रुंद पाठीवरून शांतपणे, माणसांना गोड वाटेल असा फिरतो. दुसऱ्याचे काळीज लोखंडाचे असते, आणि ज्याला तो एकदा धरतो त्याला सोडत नाही. पुढे रोमन वंशावळीकारांनी या भावंडांना एरेबस, म्हणजे पाताळातला अंधार, हा बाप जोडून दिला. हेसिऑडला मात्र बापाची गरज वाटली नव्हती.

हिप्नोसचे खरे दर्शन घडते ते होमरच्या 'इलियड'च्या १४व्या सर्गात, आणि हा प्रसंग जरा निवांत वाचण्यासारखा आहे. ट्रॉयच्या युद्धात देवांचा राजा झ्यूस ट्रॉयवासीयांच्या बाजूने कौल देत असतो. त्याची पत्नी हेरा हिला ते सहन होत नाही. झ्यूसला भुलवून झोपवावे आणि तेवढ्या वेळात ग्रीकांना मदत व्हावी असा बेत ती आखते. प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटीकडून ती मोहिनी घातलेला पट्टा मागून घेते आणि थ्रेसच्या हिमाच्छादित डोंगरांवरून लेम्नॉस बेटावर उतरते. तिथे तिला हिप्नोस भेटतो. हेरा त्याचा हात हातात घेते आणि 'सर्व देवांच्या आणि सर्व माणसांच्या स्वामी' अशी त्याला हाक मारते. देवांच्या राणीने वापरलेले हे संबोधन हलके नाही. झ्यूसचे डोळे मिटवलेस तर देवांचा कारागीर हिफेस्टस याने घडवलेले, कधीही न झिजणारे सोन्याचे सिंहासन आणि पाय ठेवायला चौरंग देईन, असे ती कबूल करते.

हिप्नोस नकार देतो, आणि त्याने दिलेले कारण अनुभवाचे आहे. इतर कोणत्याही देवाला मी सहज झोपवीन, तो म्हणतो. सगळ्यांचे मूळ असलेल्या ओकेआनोस या महानदाचे प्रवाहसुद्धा थांबवीन. पण झ्यूसने स्वतः सांगितल्याशिवाय मी त्याच्या जवळ जाणार नाही. पूर्वी हेराच्याच सांगण्यावरून त्याने एकदा झ्यूसला झोपवले होते. तेवढ्यात हेराने ट्रॉयहून परतणाऱ्या हेराक्लीसला, झ्यूसच्या मुलाला, वादळात लोटून कोस बेटावर नेऊन टाकले. झ्यूस जागा झाला तो संतापाने. त्याने देवांना घरभर भिरकावले आणि सगळ्यांत जास्त शोध घेतला तो हिप्नोसचा. तो सापडला असता तर आकाशातून समुद्रात फेकला गेला असता. पण हिप्नोस पळत आपल्या आईकडे, रात्रीकडे गेला आणि झ्यूस थबकला, कारण रात्रीला न आवडणारे काही करण्याची त्याचीही छाती नव्हती. देवांचा राजाही जिच्यापुढे राग आवरतो तिचा हा मुलगा आहे, एवढे या प्रसंगातून कळते.

मग हेरा बोली वाढवते. सिंहासन बाजूला राहते आणि ती कॅरिटीसपैकी, म्हणजे लावण्यदेवतांपैकी, पासिथिआ ही पत्नी म्हणून देऊ करते. हिप्नोसला ती फार दिवसांपासून हवी असते. पण हर्षभरित होऊनही तो नुसत्या शब्दावर विसंबत नाही. एक हात पृथ्वीवर आणि दुसरा समुद्रावर ठेवून, पाताळात क्रोनोसभोवती असलेल्या देवांना साक्षी ठेवून, पाताळातल्या स्टिक्स नदीच्या पाण्याची शपथ घे, असे तो हेराला सांगतो. ती शपथ घेते तेव्हाच तो निघतो. इडा पर्वतावर झ्यूसच्या नजरेला पडण्याआधी तो तिथल्या सर्वांत उंच देवदारासारख्या वृक्षावर चढतो आणि फांद्यांत दडून एका कर्कश आवाजाच्या पक्ष्याचे रूप घेऊन बसतो. काम फत्ते झाल्यावरही तो विसावत नाही. थेट ग्रीकांच्या जहाजांकडे धाव घेतो आणि झ्यूस झोपला आहे तोवर ग्रीकांना मदत करून घे, असे समुद्रदेव पोसायडनला सांगतो. सौदा करणारा, साक्षीपुरावा मागणारा, दबा धरून बसणारा आणि निरोप पोहोचवणारा हा देव आहे. याला झोपाळू कोण म्हणेल? पुढच्या सर्गात झ्यूस जागा होतो, हेराला धारेवर धरतो आणि जुन्या शिक्षेची आठवण करून देतो. हिप्नोसला शिक्षा झाल्याचा मात्र उल्लेख नाही.

इथे मराठी वाचकाला नवरात्रात पाठ होणाऱ्या सप्तशतीचा पहिला अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथे विष्णू योगनिद्रेत असतो, मधु आणि कैटभ ब्रह्मदेवावर चालून येतात आणि ब्रह्मदेव विष्णूला हाक न मारता त्याच्या डोळ्यांत वसलेल्या निद्रारूप देवीचीच स्तुती करतो. ती दूर होते तेव्हाच विष्णू उठतो. या दोन कथांचा ऐतिहासिक संबंध मी जोडत नाही. सर्वश्रेष्ठ देवावरही झोपेची सत्ता चालते ही जाणीव दोन्हीकडे आहे; पण सप्तशतीत झोपेने जावे म्हणून स्तवन आहे, होमरकडे तिने यावे म्हणून लाच आहे, आणि देवी ही विश्वाची आदिशक्ती आहे तर हिप्नोस हा सामर्थ्य असूनही हाताखाली काम करणारा आहे. हा फरक महत्त्वाचा आहे.

आता मृत्यूशी असलेल्या नात्याकडे वळतो. 'इलियड'च्या १६व्या सर्गात झ्यूसचा मुलगा सार्पिडॉन, लिकियाचा राजा, ग्रीक योद्धा पॅट्रोक्लसच्या हातून मारला जातो. त्याला वाचवावे असे झ्यूसच्या मनात येते, पण एका देवाने आपल्या मुलाला नियतीतून सोडवले तर बाकीचेही तेच मागतील, असे हेरा बजावते. तीच तोडही सुचवते: त्याला मरू दे, पण नंतर मृत्यू आणि गोड झोप यांच्याकरवी त्याचे शरीर लिकियाला पोहोचव, तिथे त्याचे आप्त त्याला समाधी आणि शिळा उभारून मान देतील. मग झ्यूसच्या आज्ञेने अपोलो धुळीने आणि रक्ताने माखलेले ते शरीर रणातून उचलतो, नदीच्या पाण्याने धुतो, त्याला अमृत चोळतो, दिव्य वस्त्रे नेसवतो आणि या जुळ्या भावांच्या स्वाधीन करतो. खांदा द्यायला एकटा मृत्यू पुरेसा असताना झोपेला सोबत का धाडले, हे होमर सांगत नाही. माझे मत असे की मृत्यूने माणूस नेला, पण घरी पोहोचणारे शरीर विद्रूप होऊन जाऊ नये, झोपल्यासारखे दिसावे, हा मान झोपेमुळे मिळतो. शत्रूचे प्रेत कुत्र्या-गिधाडांपुढे टाकण्याच्या धमक्यांनी भरलेल्या या काव्यात असा निरोप फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे.

हाच क्षण युफ्रोनिओस या अथेन्सच्या चित्रकाराने इ.स.पू. ५१५च्या सुमारास एका मोठ्या भांड्यावर रंगवला. मद्यात पाणी मिसळण्याचे हे रुंद तोंडाचे पात्र युक्सिथिओस नावाच्या कुंभाराने घडवले होते. मध्ये देवांचा दूत हर्मीस उभा आहे आणि त्याच्यासमोर सार्पिडॉनचे प्रचंड, आडवे शरीर पंख असलेले दोन योद्धे वाकून उचलत आहेत. जखमांमधून रक्ताच्या धारा वाहत आहेत. दोघा भावांच्या अंगावर चिलखत आहे, पंखांचे पीस न् पीस रेखलेले आहे आणि ते एकमेकांसारखे इतके दिसतात की शेजारी लिहिलेली नावे वाचल्याशिवाय झोप कोणती आणि मृत्यू कोणता हे सांगणे कठीण जावे. चित्रकाराने हे जाणूनबुजून केले असावे असे मला वाटते. हे पात्र इटलीत चेर्वेतेरीजवळच्या एट्रुस्कन थडग्यांतून चोरून काढले गेले, १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते सुमारे १० लाख डॉलरना विकत घेतले आणि प्रदीर्घ वादानंतर २००८मध्ये ते इटलीला परत गेले. आता ते चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे.

पुढच्या शतकात हे दोघे राजांपुरते उरले नाहीत. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अथेन्समध्ये थडग्यांवर तेलाच्या निमुळत्या, पांढऱ्या अंगाच्या कुप्या ठेवत. त्यांतल्या काहींवर हिप्नोस आणि थानाटोस एखाद्या सामान्य तरुणाला त्याच्या स्मृतिशिळेपाशी अलगद ठेवताना दिसतात. ब्रिटिश म्युझियममध्ये अशी एक कुपी आहे, आणि तिच्या अनाम चित्रकाराला अभ्यासक 'थानाटोस चित्रकार' म्हणूनच ओळखतात. या काळात दोघांतला फरकही दिसू लागतो. मृत्यू अनेकदा दाढीवाला आणि राकट, झोप त्याहून कोवळी. पण हातांची हालचाल दोघांची सारखीच हळुवार असते. युद्धात मुलगा गमावलेल्या घराने ती कुपी विकत घेतली असेल, तर तिला मृत्यूच्या शेजारी झोप का हवी होती हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याहून जुने एक चित्रण आता नष्ट झाले आहे, पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या पॉसानिअस या प्रवाशाने ते पाहून नोंदवले. ऑलिम्पियाला हेराच्या देवळात किप्सेलोसची म्हणून ओळखली जाणारी देवदारी लाकडाची पेटी होती, सोने आणि हस्तिदंताने मढवलेली. तिच्यावर एका स्त्रीच्या उजव्या हातात झोपलेले गोरे मूल आणि डाव्या हातात झोपल्यासारखे दिसणारे काळे मूल कोरले होते. ही झोप आणि मृत्यू, आणि त्यांना सांभाळणारी रात्र, असे शेजारी लिहिलेले होते. पॉसानिअस म्हणतो की लिहिले नसते तरी कळले असते. 'झोपलेले' आणि 'झोपल्यासारखे' यांतले अंतर त्या कारागिराने कोरीव कामात कसे दाखवले असेल, हे पाहायला मिळायला हवे होते.

या भावांच्या नात्यावरचे माझे सर्वांत आवडते वचन मात्र कवीचे नाही, वक्त्याचे आहे. लेओन्तिनीचा गॉर्गिअस शंभरी ओलांडून आजारी पडला, त्याला सतत गुंगी येऊ लागली आणि भेटायला आलेल्या स्नेह्याने प्रकृती विचारली तेव्हा तो म्हणाला, की झोप आता मला तिच्या भावाच्या हवाली करू लागली आहे. एलिअन या लेखकाने ही आठवण जपून ठेवली.

हिप्नोसची पूजा होत होती का, असेही विचारले जाते. होत होती, पण थोडी आणि बहुधा दुसऱ्या कुणाच्या आवारात. त्रोइझेन इथे प्रतिभादेवतांच्या मंडपाजवळच्या जुन्या वेदीवर लोक त्या देवतांना आणि हिप्नोसला एकत्र बळी देत, कारण काव्य-संगीताच्या देवतांना हा देव सगळ्यांत प्रिय आहे अशी त्यांची श्रद्धा होती. स्पार्टात झोप आणि मृत्यू यांच्या मूर्ती होत्या. पण त्याचे खरे घर होते ते वैद्यकदेव अस्क्लेपिओसच्या स्थानी. सिकिऑनच्या अस्क्लेपिओस मंदिरात पॉसानिअसला स्वप्नदेवाची मूर्ती आणि सिंहाला झोपवणारा हिप्नोस दिसला. त्या रूपाला 'एपिदोतीस', म्हणजे उदारपणे देणारा, असे विशेषण होते. एपिडाउरोससारख्या ठिकाणी रोगी शुद्ध होऊन, यज्ञ करून एका खास दालनात रात्री झोपत आणि देव स्वप्नात येऊन उपचार करतो किंवा सांगतो असे मानत. बरे झालेल्यांच्या हकिगती तिथे शिळांवर कोरलेल्या सापडल्या आहेत. म्हणजे झोप ही औषधाची वाटच होती. सोफोक्लीसच्या 'फिलोक्टेटीस' नाटकात पायाच्या जखमेने तळमळणारा नायक ग्लानीत जातो तेव्हा वृंद जे स्तोत्र गातो ते हिप्नोसचेच, 'वेदना न जाणणाऱ्या' देवाचे. आणि ते नाटक घडते लेम्नॉसवर, जिथे हेराला हिप्नोस भेटला होता त्याच बेटावर. रोममध्ये मात्र सोम्नुसचे मोठे सार्वजनिक देऊळ किंवा पंचांगातला सण आढळत नाही. तिथे तो मुख्यतः कवींचा आणि शिल्पकारांचा राहिला.

रोमन कवींमध्ये व्हर्जिलचा सोम्नुस अंगावर काटा आणणारा आहे. 'एनीड'च्या पाचव्या सर्गाच्या शेवटी ट्रॉयच्या पाडावातून निसटलेल्या एनियासचा ताफा सिसिलीहून इटलीकडे निघालेला असतो. ताफा सुखरूप पोहोचेल, पण अनेकांसाठी एक शिर द्यावे लागेल, असे समुद्रदेव नेपच्यूनने आधीच ठरवले आहे. समुद्र शांत आहे, वल्हेकरी बाकांवर आडवे झाले आहेत आणि पालिनुरुस एकटा सुकाणू धरून जागा आहे. ताऱ्यांमधून अंधार बाजूला सारत सोम्नुस उतरतो, ओळखीच्या फोर्बासचे रूप घेऊन नावेच्या मागल्या टोकावर बसतो आणि गोड बोलू लागतो: वारा ठीक आहे, नाव आपोआप चालली आहे, घटकाभर डोके टेक, तोवर सुकाणू मी धरतो. पालिनुरुस डोळेही नीट न उचलता उत्तर देतो, की शांत दिसणाऱ्या समुद्रावर विश्वास ठेवायला मला सांगतोस? तो सुकाणू घट्ट धरतो आणि नजर ताऱ्यांवरून हलू देत नाही. तेव्हा देव विस्मृतीच्या लीथी नदीच्या दवाने भिजलेली फांदी त्याच्या कानशिलांवर झटकतो. डोळे मिटतात न मिटतात तोच देव त्याला सुकाणू आणि नावेचा तुकडा यांसकट पाण्यात लोटतो आणि पक्ष्यासारखा हवेत उडून जातो. थोड्या वेळाने एनियास स्वतः नाव सांभाळतो आणि हळहळतो, की पालिनुरुस, शांत आकाशावर आणि समुद्रावर तू फार विश्वास ठेवलास. पालिनुरुसने नेमके ते करायचे नाकारले होते, हे फक्त वाचकाला ठाऊक आहे. कर्तव्यदक्ष माणसावर असा आळ राहून जावा, यात व्हर्जिलची करुणा मला सर्वांत जास्त जाणवते. इटलीच्या दक्षिणेला त्याच्या नावाचे पालिनुरो भूशिर आजही आहे.

इथेही सोम्नुस जागा आणि कामात आहे. झोपलेला देव आपल्याला दिला तो ओव्हिडने, 'मेटामॉर्फोसिस'च्या ११व्या सर्गात. राजा केयक्स समुद्रात बुडून मेला आहे, पण त्याची पत्नी अल्क्योनी हे न कळल्यामुळे तो परत यावा म्हणून जुनोच्या, म्हणजे रोमनांच्या हेराच्या, देवळात रोज प्रार्थना करते. मेलेल्या माणसासाठी चाललेली ही प्रार्थना जुनोला असह्य होते आणि ती इरिसला, इंद्रधनुष्याच्या दूतीला, सोम्नुसकडे पाठवते. किमेरियन लोकांच्या देशाजवळ एका डोंगरात त्याची गुहा आहे. तिथे ऊन शिरत नाही, जमिनीतून धुके निघते. कोंबडा आरवत नाही, कुत्रे भुंकत नाही, हंसही कलकलत नाहीत. खडकाच्या तळाशी लीथीचा झरा खड्यांवरून झुळझुळतो आणि त्या आवाजानेच डोळा लागतो. दारापुढे अफूची बोंडे लहडलेली आहेत. दार असे नाहीच, कारण बिजागरी करकरली असती. मधोमध शिसवासारख्या काळ्या लाकडाचा उंच पलंग, त्यावर पिसांची गादी, काळे पांघरूण आणि हातपाय सैल सोडून पडलेला देव. भोवती स्वप्ने विखुरलेली, शेतातल्या कणसांइतकी, किनाऱ्यावरच्या वाळूइतकी.

इरिस आत येते ती हातांनी स्वप्ने बाजूला सारत. तिच्या वस्त्राच्या उजेडाने गुहा झळकते. देव जड डोळे उचलतो, पुन्हा कोसळतो, हनुवटी छातीवर आपटत डुलक्या घेतो आणि अखेर, ओव्हिड म्हणतो, स्वतःला स्वतःतून झटकून काढतो आणि कोपरावर रेलून विचारतो, काय काम आहे? देव आणि त्याची शक्ती एकच असल्यावर त्याला जागे व्हायचे म्हणजे स्वतःपासूनच सुटका करून घ्यावी लागणार, ही कल्पना तीन लॅटिन शब्दांत बसवणारा कवी असामान्य म्हणायला हवा. निरोप देऊन इरिस लगबगीने पळते, कारण तिचेही अंग जड होऊ लागलेले असते.

मॉर्फियस येतो तो यानंतर. सोम्नुसच्या हजार मुलांतून तिघांची नावे ओव्हिड देतो. मॉर्फियस माणसांची चाल, चेहरा, आवाज आणि बोलण्याची लकब हुबेहूब उचलतो. दुसरा पशू, पक्षी आणि साप होतो, त्याला देव इकेलोस म्हणतात आणि माणसे फोबेटोर. तिसरा फांटासोस माती, दगड, पाणी आणि झाडे यांची रूपे घेतो. म्हातारा बाप मॉर्फियसला निवडतो, काम सांगतो आणि पुन्हा पांघरुणात डोके खुपसतो. मॉर्फियस आवाज न करणाऱ्या पंखांनी उडत जातो आणि अल्क्योनीच्या पलंगापाशी केयक्सच्या रूपात उभा राहतो, नग्न, पांढराफटक, दाढीतून आणि केसांतून पाणी निथळत असलेला, आणि आपल्या मृत्यूची बातमी आपल्याच तोंडाने सांगतो. हेसिऑडकडे स्वप्ने झोपेची भावंडे होती. युरिपिडीस काळ्या पंखांच्या स्वप्नांची आई म्हणून पृथ्वीला हाक मारतो. ओव्हिडने त्यांना झोपेची मुले केले आणि तिघांना स्वतंत्र कामे वाटून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधनिर्माता झेर्ट्युर्नरने अफूपासून वेगळ्या काढलेल्या द्रव्याला, म्हणजे आजच्या मॉर्फिनला, मॉर्फियसवरूनच नाव दिले; तोवर मुलगा बापाच्या जागी बसला होता. तेव्हा कुणी मॉर्फियसला झोपेचा देव म्हटले, तर ती पुढच्या काळाची समजूत आहे, प्राचीनांची नव्हे.

शिल्पकारांनी मात्र जुना, जागा हिप्नोस सोडला नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या रोमन संगमरवरी मूर्तीत तो कोवळा तरुण पुढे झुकून हलक्या पावलांनी चाललेला आहे. तिचे हात तुटले आहेत, पण याच घडणीच्या लहान ब्राँझ मूर्तींवरून कळते, की एका हातातल्या शिंगातून तो झोप ओततो आणि दुसऱ्यात अफूच्या बोंडांचे देठ धरतो. ब्रिटिश म्युझियममध्ये पेरुजाजवळ सापडलेले ब्राँझचे मस्तक आहे. कानशिलातून पक्ष्याचा पंख फुटलेला, दुसऱ्या बाजूचा पंख गळून गेलेला आणि चेहरा किंचित खाली वळलेला, जणू तो कुणाच्या तरी अंथरुणाकडे पाहतो आहे.

या देवाला केलेल्या साऱ्या विनवण्यांत मला सर्वांत खरी वाटते ती नेपल्सच्या स्टॅटिअसची, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरची, अवघ्या १९ ओळींची. कोणत्या अपराधामुळे मी एकटाच तुझ्या देण्याला मुकलो, असे तो विचारतो. गुरे, पाखरे, श्वापदे निजली आहेत, नद्यांचा आवाज उतरला आहे, समुद्र किनाऱ्याला टेकून पडला आहे, आणि चंद्र सातव्यांदा येऊन माझे उघडे डोळे पाहतो आहे. मग तो म्हणतो, की कुणी प्रेयसीच्या मिठीत असल्यामुळे आपणहून तुला घालवत असेल तर तिकडून इकडे ये. पंखांचे सगळे वजन माझ्यावर टाक असे मी म्हणत नाही, ते सुखी लोकांनी मागावे. छडीच्या टोकाने नुसता स्पर्श कर, किंवा पाय उचलून माझ्यावरून हलकेच जा. ही विनवणी पायांनी चालणाऱ्या, वाटेत थांबवता येणाऱ्या देवाला केलेली आहे, गुहेत निजलेल्याला नव्हे, म्हणजे ओव्हिडनंतर शतकभरानेही होमरचा हिप्नोस कवींच्या ओळखीचा होता.

मूळ वाचायचे असेल तर भाषांतरातून का होईना, 'इलियड'चा १४वा सर्ग आधी वाचावा, मग १६व्यातला सार्पिडॉनचा मृत्यू, त्यानंतर 'एनीड'च्या पाचव्या सर्गाचा शेवट आणि 'मेटामॉर्फोसिस'चा ११वा सर्ग सगळ्यांत शेवटी. क्रम उलटा केला तर गुहेतला म्हातारा डोक्यात ठाण मांडतो आणि हेराकडून शपथ वदवून घेणारा देव मग ओळखू येत नाही.